निर्णय एकदाच घेतात का? तीन ख्रिस्ती आत्मकथनं वाचताना

संशोधनाचा विषय काय, असं कुणी विचारलं की मी सांगते, "मराठी ख्रिस्ती माणसांची आत्मकथनं." त्यावरचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "म्हणजे ते लोक ख्रिस्ती का झाले, ते का?" प्रश्न साधा आहे आणि रास्तही आहे. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती म्हणजे, माणूस एका दिवशी, एका कारणाने, एक निर्णय घेतो आणि मग त्याचं आयुष्य दोन भागांत विभागलं जातं, आधीचं आणि नंतरचं. माझ्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण या गृहीतकावरच आहे. आजच्या लेखात त्याचा गाभा तुमच्यासमोर मांडते. त्यासाठी तीन पुस्तकं घेतली आहेत: बाबा पदमनजींचं 'अरुणोदय' (१८८८), पंडिता रमाबाईंनी १९०७ साली इंग्रजीत लिहिलेली साक्ष आणि लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' (१९३४ ते १९३६).

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. या तिघांत निर्णयाबद्दल सगळ्यात सखोल लिहिलंय ते लक्ष्मीबाईंनी. आणि गंमत म्हणजे 'निर्णय' या विषयावर लिहायला बसलेली असावी असं ज्यांच्याकडे बघून अजिबात वाटत नाही, अशा या एकट्याच.

निर्णयाला एवढं महत्त्व का?

ख्रिस्ती धर्मग्रंथात माणसाला निवड करायला लावणारे प्रसंग पदोपदी येतात. यहोशवा लोकांना गोळा करून सांगतो की कुणाची सेवा करायची ते आज ठरवा. समुद्रकाठी येशूची हाक आल्यावर कोळी जाळी तिथेच टाकून निघतात. एक श्रीमंत तरुण मात्र हाक ऐकतो, खिन्न होतो आणि परत जातो. अमुक कुळात जन्मला म्हणून अमुक देवाचा, एवढ्यावर ही परंपरा थांबत नाही. तुझं उत्तर काय, असं ती प्रत्येकाला वेगळं विचारते.

पुढे प्रॉटेस्टंट पंथांमध्ये, विशेषतः अमेरिकेतल्या पुनरुज्जीवनाच्या चळवळींमध्ये, हे उत्तर एका क्षणात बांधलं गेलं. एकोणिसाव्या शतकात चार्ल्स फिनी सभेत पुढचा बाक राखून ठेवायचा. ज्यांच्या मनात चलबिचल आहे त्यांनी उठून त्या बाकावर येऊन बसायचं. विसाव्या शतकात बिली ग्रॅहमच्या रेडिओ कार्यक्रमाचं नावच 'निर्णयाची घटिका' असं होतं. या परंपरेत वाढलेल्या माणसाला आपल्या तारणाची तारीख सांगता येते, कधीकधी वेळसुद्धा.

मिशनरी आपल्याकडे आले ते साधारण हीच अपेक्षा घेऊन. अमेरिकन मराठी मिशन १८१३ साली मुंबईत आलं, मागोमाग स्कॉटिश मिशन. त्यांच्या अहवालांना तारीख लागायची. आणि इथल्या परिस्थितीमुळे ती तारीख आणखीच ठळक झाली, कारण इथे हा निर्णय थेट कोर्टात जाऊन पोचला.

कोर्टाला लागणारं उत्तर

१८३९ साली धनजीभाई नौरोजी या पारशी तरुणाने मुंबईत बाप्तिस्मा घेतला. समाजात एवढी खळबळ उडाली की प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. त्याला डांबून ठेवलंय की तो आपल्या मर्जीने राहतोय, हा प्रश्न होता. कोर्टाने त्याला जिथे जायचं तिथे जाऊ दिलं. चार वर्षांनी, १८४३ मध्ये, श्रीपत शेषाद्रीचं प्रकरण आलं. हा ब्राह्मण मुलगा आपला मोठा भाऊ नारायण याच्या मागोमाग मिशनऱ्यांकडे गेला होता. तो अजाण आहे, असा निर्णय स्वतः घ्यायचं त्याचं वय नाही, असं म्हणून कोर्टाने त्याला आईबापांच्या स्वाधीन केलं.

दोन्ही खटल्यांचा निकाल वेगळा लागला, पण प्रश्न एकच होता: या माणसाने आपलं आपण ठरवलं का? हो की नाही? कोर्टाला तिसरं उत्तर चालत नाही. 'अजून ठरतंय', 'निम्मं ठरलंय', 'ठरलंय पण आईकडे बघवत नाही', ही उत्तरं नोंदवायला कागदावर रकाना नसतो.

तरी कायद्यालाही एका ठिकाणी वेळेचं भान आलेलं दिसतं. १८६६ साली धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदाचा कायदा झाला. नवरा किंवा बायको ख्रिस्ती झाली आणि त्या कारणावरून जोडीदाराने एकत्र राहायला नकार दिला, तर लग्न मोडता येईल अशी त्यात सोय होती. पण लगेच नाही. न्यायाधीशाने प्रकरण वर्षभर तहकूब ठेवायचं, मधल्या काळात दोघांची भेट घडवायची आणि वर्षाने पुन्हा विचारायचं. एका दिवसाचा नकार हा पुरता नकार नव्हे, एवढं शहाणपण त्या कलमात आहे. हे वर्ष लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

'अरुणोदय': उगवणाऱ्याला ठरवावं लागत नाही

बाबा पदमनजी मूळचे बेळगावचे, जन्म १८३१ चा. ३ सप्टेंबर १८५४ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'यमुनापर्यटन' या १८५७ च्या कादंबरीमुळे मराठीचे विद्यार्थी त्यांना ओळखतात, 'अरुणोदय' मात्र फार थोडे वाचतात. वाचायला हवं. एकोणिसाव्या शतकातला मुंबईतला विद्यार्थी काय वाचत होता, कुणाशी वाद घालत होता, कशाला घाबरत होता, हे इतक्या आतून सांगणारी पुस्तकं मराठीत मोजकीच आहेत.

पण शीर्षकाकडे बघा. अरुणोदय म्हणजे पहाट. आधी अंधार, मग फटफटणं, मग उजेड. प्रतिमा सुंदर आहे, पण तिच्यात एक अडचण आहे. उगवायचं की नाही हे सूर्याला ठरवावं लागत नाही. आयुष्याला पहाटेची उपमा दिली की जे जे घडलं ते घडणारच होतं असं वाटायला लागतं. लहानपणची देवभक्ती, शाळेतलं वाचन, मित्रांच्या चर्चा, सगळं त्या एका उजेडाकडे जाणाऱ्या पायऱ्या होऊन बसतं. श्रेय देवाला द्यायचं म्हणून लेखकाने ही रचना केली आहे, हे उघड आहे आणि त्याच्या श्रद्धेशी ते सुसंगतही आहे. पण त्यात निर्णयाचं ओझं हलकं होतं.

पुस्तकाचा खरा जीव मला दिसतो तो ही रचना जिथे उसवते तिथे. मन वळलेलं आहे आणि पाऊल पुढे पडत नाही, अशी पानंच्या पानं यात आहेत. पटणं आणि करणं यांच्यात आईबाप उभे आहेत, जात उभी आहे. याच काळात पदमनजी परमहंस मंडळीत होते. १८४९ च्या सुमारास मुंबईत निघालेली ही गुप्त सभा. जातिभेद मोडायचा हा तिचा हेतू, आणि त्यासाठी सभासदांनी ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खायचा. मात्र दार लावून. पुरेसे लोक जमेपर्यंत बाहेर अवाक्षर काढायचं नाही. या मंडळीची आतली माहिती आपल्याला मिळते त्याचं एक मोठं साधन म्हणजे 'अरुणोदय'च.

इथे पदमनजींनी एक मोलाची तुलना आपल्या हाती दिली आहे, त्यांनी ती पूर्ण ताणली नसली तरी. दोन्हीकडे निर्णय आहे. एकीकडे तो गुप्त आहे, आणि उघड कधी करायचा हे इतरांच्या संख्येवर टांगून ठेवलेलं आहे. दुसरीकडे तो चारचौघांत पाणी अंगावर घेऊन करायचा आहे, मग सोबत कुणी असो वा नसो. परमहंसवाल्यांना भित्रे म्हणणं सोपं आहे. मला ते तितकं भित्रे वाटत नाहीत, त्यांनी किमान पाव तरी खाल्ला. पण ज्या निर्णयाची किंमत कधी मोजावीच लागत नाही, तो माणसाला आतून बदलत नाही, हे त्या सभेच्या गोष्टीवरून कळतं. १८६० च्या आसपास सभासदांची यादी बाहेर फुटली आणि सभा विस्कटली. ठरवलेलं सगळं होतं, फक्त कुणाला दिसू द्यायचं नव्हतं.

रमाबाई: बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी

पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला. कोर्टाच्या आणि मिशनच्या हिशेबाने निर्णय झाला, तारीख मिळाली, विषय संपला. प्रत्यक्षात भांडण तिथून पुढे सुरू झालं.

सिस्टर जेराल्डीन आणि त्यांचा पत्रव्यवहार जरूर वाचा. त्रैक्याचा सिद्धांत रमाबाईंना पटत नव्हता. चर्चचे अधिकारी सांगतात म्हणून मान्य करायला त्या तयार नव्हत्या. पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं की नाही यावर बिशप मत देऊ लागले तेव्हा त्यांनी ठणकावून विचारलं की यांना हा अधिकार दिला कुणी. इथल्या पुरोहितांचं जोखड नुकतंच मानेवरून काढलंय, आता दुसऱ्यांचं घालून घ्यायचं नाही, अशी त्यांची भूमिका. मला स्वतःची सदसद्विवेकबुद्धी आहे, हे त्या पुन्हा पुन्हा सांगतात.

अभ्यासकांना ही रमाबाई फार आवडते. गौरी विश्वनाथन यांनी 'आउटसाइड द फोल्ड' (१९९८) या ग्रंथात धर्मांतराकडे असहमतीची कृती म्हणून पाहिलं, आणि रमाबाईंवरचं त्यांचं प्रकरण वाचल्याशिवाय या विषयावर पुढे जाता येत नाही. माझ्या विचारावरही त्याचा मोठा प्रभाव आहे. तरी मला त्यात एक गोष्ट अपुरी वाटते. बिशपला 'नाही' म्हणणारी रमाबाई तिथे लख्ख दिसते. देवाला 'हो' म्हणणारी रमाबाई मात्र मागे राहते.

आणि १९०७ च्या साक्षीत रमाबाई नेमकं त्याबद्दल बोलतात. त्या लिहितात त्याचा आशय असा: बाप्तिस्मा घेतला तेव्हा मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो मिळाला १८९१ च्या सुमारास. म्हणजे बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी, मुंबईत शारदा सदन काढून झाल्यावर. त्यासाठी निमित्त झालं ते हॅस्लम नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचं आत्मकथन. हा माणूस आधीपासून पाद्री होता आणि पाद्री असतानाच त्याचं मन पालटलं.

आता सांगा, रमाबाई ख्रिस्ती कधी झाल्या? १८८३ की १८९१? मला वाटतं हा प्रश्न साक्षीनेच चुकीचा ठरवला आहे. पहिला निर्णय खोटा नव्हता. तो नसता तर दुसरा आला नसता. पण पहिला निर्णय बुद्धीचा होता, तुलना करून, पारखून घेतलेला. दुसरा शरण जाण्याचा. निर्णय घेणारी बाई निर्णय सोडून द्यायला शिकली, आणि तेही स्वतःच ठरवून. या दोन टोकांमध्ये जो ताण आहे तो साक्षीत मात्र फार लवकर मिटतो, अशी माझी तक्रार आहे. पत्रांतली झुंजार रमाबाई साक्षीत शांत झालेली दिसते. ती शांती खरी असेल, पण तिथपर्यंतच्या वाटेवरचे खड्डे लेखिकेने बुजवून टाकलेत.

एक गोष्ट मात्र रमाबाईंनी आचरणातून दाखवली. सदनात त्या स्वतःची प्रार्थना दार उघडं ठेवून करत. कुणी यावं, कुणी येऊ नये. १८९३ मध्ये याच मुद्द्यावरून वादळ उठलं आणि सल्लागार मंडळातले मोठे लोक बाहेर पडले. निराश्रित विधवेला, जिचं जेवण आणि छप्पर तुमच्या हाती आहे तिला, उघडं दार खरंच मोकळं वाटतं का? विरोधकांचा हा प्रश्न बिनतोड होता, आणि आजही मी तो झटकून टाकू शकत नाही. फक्त त्याची दुसरी बाजूही धरायला हवी: त्या विधवेला कशातच 'हो' म्हणता येत नाही असं मानलं, तर तिला माणूस मानलं का?

'स्मृतिचित्रे': चुलीपाशी घेतलेले निर्णय

नारायण वामन टिळकांच्या धर्मांतराची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. १८९३ साली आगगाडीत एक गोरा प्रवासी भेटतो, नवा करार देतो आणि भाकीत करतो की दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा होतो. गोष्ट रेखीव आहे, तारखेसकट. पण ती टिळकांची आहे. लक्ष्मीबाईंपर्यंत बातमी पोचली तेव्हा सगळं होऊन गेलेलं होतं. नवऱ्याचा निर्णय बायकोच्या आयुष्यात निर्णय म्हणून येत नाही, तो आपत्ती म्हणून येतो. हे सत्य धर्मांतरावरच्या इतर पुस्तकांत तळटीपेत असतं. 'स्मृतिचित्रे'त ते मधोमध आहे.

पुढची चार-पाच वर्षं दोघं वेगळी राहिली. वर सांगितलेला १८६६ चा कायदा हाताशी होता. टिळकांनी तो रस्ता धरला नाही. कायद्यातल्या एका वर्षाऐवजी त्यांनी कितीतरी वर्षं वाट पाहिली. लक्ष्मीबाईही कायमचं 'नाही' म्हणून बसल्या नाहीत. त्या नगरला आल्या, पण सोवळं सांभाळून, चूल वेगळी ठेवून. ही अर्धवट अवस्था मिशनच्या अहवालात कशी लिहिणार? नवऱ्याकडे आली, धर्माकडे नाही. जवळ आली, पण पाणी वेगळं. लक्ष्मीबाई ती अवस्था जशीच्या तशी लिहितात, विनोद करत लिहितात, आणि आपण वाचक तिच्यात राहायला शिकतो.

मग तो जातीच्या विचाराचा प्रसंग. जात देवाने केली की माणसाने, असा प्रश्न त्यांना पडतो. पशुपक्ष्यांत वेगवेगळ्या जाती शरीरावरून दिसतात, माणसांत तशा दिसतात का? जन्म, मरण, हसू, रडू सगळ्यांचं एकच. मग हा भेद देवाचा नाही. म्हणजे आजपासून कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं. युक्तिवाद घरगुती आहे, पुस्तकी अजिबात नाही. त्यात येशूचं नावही पुढे करायची गरज पडत नाही. पण मनाने ठरवलेलं तिथल्या तिथे हातात उतरतं. परमहंस मंडळीने दार लावून पाव खाल्ला होता. या बाईने दार उघडं ठेवून तोच उंबरा ओलांडला, आणि कुणी मागे येतंय का हे वळून बघितलं नाही. बाप्तिस्मा १९०० साली झाला, या निश्चयानंतर. वाचकाच्या मनात राहतं ते मात्र पाणी पिणं.

लक्ष्मीबाईंच्या पुस्तकातही एक प्रश्न अनुत्तरित राहतो, तो लपवण्यात अर्थ नाही. नवरा ख्रिस्ती झाल्यावर त्या काळच्या बाईपुढे दुसरा कोणता जगण्याचा मार्ग होता? मग हा निर्णय मोकळा कसा? मी याचं उत्तर असं देते: तो मोकळ्या परिस्थितीत घेतलेला नाही, पण तो त्यांचा आहे. त्यांच्यापुढे सोपा मार्ग होता, नवऱ्यामागोमाग मुकाट बाप्तिस्मा घ्यायचा. तो त्यांनी घेतला नाही. आपल्या डोक्याला पटेपर्यंत त्या थांबल्या. परिस्थितीने निवड अरुंद केली होती, तरी त्या अरुंद जागेत उभं राहून त्यांनी विचार केला.

मग आध्यात्मिक काय आहे यात?

मत्तयच्या शुभवर्तमानात येशू दोन मुलांचा दाखला देतो. बाप दोघांना मळ्यात कामाला जायला सांगतो. पहिला म्हणतो, जात नाही, पण नंतर मन बदलून जातो. दुसरा म्हणतो, जातो, आणि जात नाही. बापाचं कुणी ऐकलं? उत्तर उघड आहे. तरी कोर्ट आणि अहवाल आयुष्यभर दुसऱ्या मुलाचं 'हो' तेवढं नोंदवत बसतात. 'स्मृतिचित्रे' हे पहिल्या मुलाचं पुस्तक आहे.

कॅथलिक परंपरेत, जिच्यातून मराठीला फादर स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' मिळालं त्या जेसुइट संघात, इग्नेशियस लोयोलाने निर्णयाचा एक वेगळाच शिस्तबद्ध विचार केला होता. कधी खात्री एकदम येते, कधी मनाच्या चढउतारांकडे लक्ष ठेवून हळूहळू कळतं, कधी शांतपणे साधकबाधक विचार करावा लागतो. मन कोरडं पडलेलं असताना आधीचा निर्णय बदलू नये, असाही त्याचा नियम आहे. म्हणजे निर्णय घेण्याइतकाच तो सांभाळणं हाही साधनेचा भाग. आपल्याकडच्या वारकऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. त्याच्याकडे त्यासाठी 'नेम' हा शब्द आहे. माळ एकदाच घालतात, पण नेम रोज पाळावा लागतो. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो असं सांगणाऱ्या टिळकांना हे ठाऊक होतं. म्हणूनच १९१७ मध्ये, बाप्तिस्म्यानंतर बावीस वर्षांनी, त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. ज्या माणसाच्या तारखेची एवढी चर्चा झाली, त्यानेच शेवटी तारखेची अट काढून टाकली.

हे सगळं आज लिहायचं कारणही सांगते. उत्तर प्रदेशाच्या २०२१ च्या कायद्यानुसार धर्म बदलू इच्छिणाऱ्याला साठ दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे तसं जाहीर करावं लागतं. बाजूने बोलणारे म्हणतात, आमिष आहे. विरोधात बोलणारे म्हणतात, मोकळी निवड आहे. दोघंही त्या माणसाकडे तारखेच्या दिवशी बघतात. लक्ष्मीबाईंनी आपल्याला त्याच्या आधीची पाच वर्षं आणि नंतरची कितीतरी वर्षं दाखवली. कुणाच्या श्रद्धेबद्दल मत बनवण्याआधी तेवढा वेळ आपण द्यायला तयार आहोत का, हा प्रश्न मी तुमच्याकडे सोपवते.

आणि यातलं एकच पुस्तक वाचायचं असेल तर 'स्मृतिचित्रे' घ्या. शाळेत उतारा वाचलाय म्हणून राहून गेलं असेल, तर आता पूर्ण वाचा.